नकाशा जुना, पेट्रोल नवं

आज जरा भांडायचं आहे. शनिवार आहे, रिलीज नाही, ऑन-कॉल दुसऱ्याच्या गळ्यात आहे, त्यामुळे वेळही आहे :-)

भांडण कुणाशी? गाडीच्या इंजिनाचा कॉम्प्युटर लॅपटॉप लावून 'रिमॅप' करून देतो म्हणणाऱ्यांशी. सगळ्यांशी नाही हं. जे मोजून-मापून करतात त्यांना माझा नमस्कार. जे न मोजता करतात, आणि तुमच्या-माझ्यासारखे जे न विचारता करून घेतात, त्या दोघांशी.

घोडबंदर रोडच्या टॉवरमधला असो की डोंबिवलीच्या मानपाडा रोडवरचा, पोराने टर्बो गाडी घेतली की सहा महिन्यांत कुणीतरी त्याला गाठतंच. "अरे, कंपनीने पॉवर लॉक करून ठेवलीये. अर्ध्या तासात मोकळी होते. शेजारच्या बिल्डिंगमधल्यानेही केलंय." बोनस नुकताच झालेला असतो. शनिवारी सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये एक मुलगा लॅपटॉप घेऊन येतो, स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये वायर लावतो, चहा होईपर्यंत काम संपतं. गाडीचा पिकअप खरंच वाढलेला असतो. पोरगा खूश, मुलगा खूश, चहावालाही खूश. मग माझं पोट का दुखतंय?

सांगतो. मी मेकॅनिकलची डिग्री घेऊन आयटीत आलेल्या हजारोंपैकी एक. चार वर्षं इंजिनं शिकलो, आता पोटासाठी कोड लिहितो. या विषयात दोन्ही शिक्षणं एकदम जागी होतात आणि दोन्ही एकच प्रश्न विचारतात: लॉग कुठे आहे?

आधी थोडं मूळ समजून घेऊ. इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये, म्हणजे इसीयूमध्ये, तक्ते असतात. एका बाजूला इंजिनाचे फेरे, दुसऱ्या बाजूला इंजिनावरचा भार, आणि प्रत्येक चौकटीत एक आकडा: पेट्रोल किती सोडायचं, ठिणगी किती अंश आधी टाकायची, टर्बोला किती हवा कोंबू द्यायची. या तक्त्यांना मॅप म्हणतात. नकाशाच तो. कुठलीच चौकट एकटी नसते, एक हलवली की चार हलवाव्या लागतात.

साधं इंजिन हवा स्वतः ओढून घेतं. टर्बो किंवा सुपरचार्जर असलेल्या इंजिनात हवा कोंबली जाते. टर्बो हे काम सायलेन्सरकडे चाललेल्या गरम वायूच्या जोरावर करतो, सुपरचार्जर इंजिनाच्याच पट्ट्यावर. आपल्याकडे रस्त्यावर दिसतात ते बहुतेक टर्बोच, पण हवा कोंबली की पुढचं शास्त्र दोघांनाही सारखं लागू. सायकलमध्ये हवा भरताना पंप गरम होतो ना, तसंच इथेही. पस्तीस अंशांची हवा दुप्पट दाबाला नेली की ती सहज १२०-१३० अंशांपर्यंत तापते. मग ती इंटरकूलरमधून थंड करून सिलिंडरमध्ये सोडायची. जास्त हवा म्हणजे जास्त पेट्रोल, जास्त पेट्रोल म्हणजे जास्त ताकद. आणि जास्त उष्णता. हे तिसरं वाक्य कुठल्याही जाहिरातीत नसतं.

आता मिश्रण. शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला त्याच्या वजनाच्या १४.७ पट हवा लागते. हे प्रमाण बरोबर साधलं की त्याला लॅम्डा १ म्हणतात. एकाच्या खाली गेलं की पेट्रोल जास्त, म्हणजे रिच. वर गेलं की हवा जास्त, म्हणजे लीन. रोजच्या चालीत गाडी लॅम्डा १ धरून चालते, कारण सायलेन्सरमधलं कॅटॅलिटिक कन्व्हर्टर त्याच प्रमाणावर नीट काम करतं. पण पूर्ण ॲक्सिलरेटर दाबल्यावर पेट्रोल टर्बो इंजिन साधारण ०.८५ ते ०.९ च्या आसपास नेलं जातं. एक तर ताकद तिथेच सर्वात जास्त मिळते. दुसरं, जास्तीचं पेट्रोल वाफ होताना उष्णता घेतं आणि पिस्टन, व्हॉल्व्ह, टर्बो या सगळ्यांना थोडं थंड ठेवतं. ते जास्तीचं पेट्रोल वाया जात नसतं, पाण्याच्या फवाऱ्यासारखं काम करत असतं.

हा फवारा कमी केला आणि ठिणगी पुढे ओढली तर काय होतं? ठिणगीने पेटवलेली ज्वाला कोपऱ्यापर्यंत पोचायच्या आत कोपऱ्यातलं मिश्रण दाबाने आणि उष्णतेने आपोआप भडकतं. यालाच नॉकिंग म्हणतात. आपल्या वडिलांच्या पिढीला ते कानाने कळायचं, चढावर इंजिन खडखडायचं. आताच्या गाड्यांत काचा बंद, एसी चालू, गाणी चालू. कळत नाही. सिलिंडरमध्ये ज्वालेचं तापमान २००० अंशांच्या वर असतं आणि ॲल्युमिनियम वितळतं ६६० अंशांना, पिस्टनचा मिश्रधातू तर त्याच्याही आधी. तरीही पिस्टन टिकतो, कारण त्याच्या अंगालगत थोड्या थंड वायूचा एक पातळ थर चिकटून असतो आणि उरलेली उष्णता रिंगांतून आणि तेलातून निघून जाते. नॉकिंगच्या धक्क्याने तो पातळ थर फाटतो. एकदा फाटला तर काही नाही. मिनिटभर सतत फाटत राहिला तर पिस्टन गेला.

कंपनीचा इंजिनियर हे सगळं धरून मॅप लिहितो. राजस्थानातला मे महिना, हिमालयातला घाट, आडगावच्या पंपावरचं पेट्रोल, दीड लाख किलोमीटर चाललेलं इंजेक्टर, हवेचा अर्धा तुंबलेला फिल्टर, आणि शिवाय तुमचा तो बेफिकीर मेव्हणा. या सगळ्यांसाठी त्याने थोडी थोडी शिल्लक ठेवलेली असते. "कंपनीने लॉक करून ठेवलेली पॉवर" म्हणजे ही शिल्लक. रिमॅप करणारा ती तुम्हाला विकतो. ती आधीपासून तुमचीच होती, फक्त वाईट दिवसासाठी बाजूला ठेवलेली होती. आजीने डब्यात लपवून ठेवलेल्या पैशांसारखी.

"पण तेच इंजिन दुसऱ्या मॉडेलमध्ये जास्त पॉवर देतं!" हा पुढचा ठरलेला डायलॉग. याचं आपल्याच राज्यातलं उदाहरण घ्या. रांजणगावला बनणारं फियाटचं १.३ मल्टिजेट डिझेल इंजिन कितीतरी गाड्यांत होतं, कुठे ७५ हॉर्सपॉवरचं, कुठे ९० चं. लोक म्हणायचे, फक्त सॉफ्टवेअरचा फरक. तो नव्हताच. ९० च्या इंजिनाला पाती हलवून स्वतःला जुळवून घेणारा वेगळा टर्बो होता, ७५ वाल्याला साधा. साध्या टर्बोवाल्याला सॉफ्टवेअरने ९० करायचं म्हणजे बारावीच्या मुलाला मार्कशीटवर खाडाखोड करून इंजिनियर करण्यासारखं आहे. चाकणच्या फोक्सवॅगन व्हर्टसचं बघा. १.५ टीएसआय इंजिनाचा टॉर्क २५० न्यूटन-मीटर, आणि त्याच्या जोडीला जो सात गिअरचा कोरड्या क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स येतो, त्याची मर्यादाही २५०. कारखान्यातून निघतानाच ग्लास काठोकाठ भरलेला. तरी त्यावरही रिमॅप विकले जातात, आणि घेणारा विचारत नाही की वरचं पाणी जाणार कुठे.

आता त्या लॅपटॉपवाल्या मुलाकडे येऊ. तुम्हाला वाटतं तो ट्यून करतो. बऱ्याच वेळा तो पोस्टमन असतो. तो तुमच्या गाडीतली मूळ फाइल काढून इंटरनेटवरून कुठल्यातरी फाइल विकणाऱ्याला पाठवतो, तिकडचा माणूस ठरलेले बदल करून अर्ध्या तासात परत पाठवतो, आणि हा ती गाडीत भरतो. यातलं स्वस्तातलं उपकरण असं असतं की काढलेली फाइल कुलूपबंद स्वरूपातच निघते, आणि ती उघडायची किल्ली फक्त त्या फाइल विकणाऱ्याकडे. म्हणजे जो तुमच्या गाडीत हात घालतोय त्याला आपण काय घालतोय हे बघताही येत नाही! आपल्या ऑफिसमध्ये कुणी न वाचलेला, टेस्ट न केलेला कोड, रोलबॅकशिवाय थेट प्रॉडक्शनवर टाकला तर त्याला सोमवारी एचआरचं बोलावणं येईल. आणि तोच माणूस शनिवारी आई-वडिलांना बसवतो त्या गाडीत हेच करून घेतो. पैसे देऊन.

माझ्या एका डोंबिवलीच्या मित्राने हेच केलं. साडेतीन वर्षं जुनी टर्बो पेट्रोल हॅचबॅक, हप्ते अजून चालू. रिमॅप कुणी केलं ते नाव इथे लिहीत नाही. दोन महिने मजेत गेले. मे महिन्यात आई-बाबांना घेऊन वणीला निघाला. शिळफाट्याच्या बाजूने नेहमीचा ट्रॅफिक, तासभर गाडी रांगत. मग हायवे, मग कसारा घाट, दुपारी साडेबारा. चढावर ट्रकला ओव्हरटेक करायला पाय दाबला आणि अर्ध्यात ताकद गेली. चेक लाइट लुकलुकायला लागला, गाडी थरथरायला लागली. मागे दुसरा ट्रक. कसाबसा डावीकडे आला. काकू दीड तास घाटात रस्त्याकडेला छत्री धरून उभ्या होत्या. काका काही बोलले नाहीत, नुसते बॉनेटकडे बघत होते. मित्र म्हणतो, ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

इंजिन उघडलं तर तिसऱ्या सिलिंडरचा पिस्टन गेलेला, दोन रिंगांमधली कड तुटून पडलेली. वॉरंटीवाल्यांनी हात वर केले, कारण इसीयूमध्ये बाहेरून लिहिल्याची नोंद होती. बिल १ लाख ४० हजार. नंतर एका जाणकाराने ती फाइल मूळ फाइलशी ताडून पाहिली. पूर्ण भाराच्या रांगांत ठिणगी चार अंश पुढे ओढलेली. लॅम्डा ०.८५ च्या जागी ०.९२. एक्झॉस्टचं तापमान वाढलं की आपोआप जास्त पेट्रोल सोडणारी जी सोय असते, तिची मर्यादा उचलून वर ठेवलेली. म्हणजे पेट्रोल कमी, ठिणगी लवकर, आणि वर फायर अलार्मची वायर कापलेली. युरोपातल्या ९८ ऑक्टेनच्या पेट्रोलवर, थंड हवेत, ही फाइल कदाचित चाललीही असती. कसाऱ्याच्या घाटात मे महिन्यात नाही.

आणि इथे या गोष्टीतला सर्वात ताजा मुद्दा येतो. पेट्रोलच बदललंय.

२०१८ च्या सुमारास आपल्या पेट्रोलमध्ये सरासरी ४-५ टक्के इथेनॉल होतं. जून २०२२ मध्ये देशाने १० टक्क्यांचा टप्पा गाठला. २०२५ मध्ये २० टक्के, म्हणजे ई२०, सगळीकडे आलं. इथेनॉलच्या रेणूत स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे त्याला हवा कमी लागते: वजनाच्या फक्त ९ पट. २० टक्के मिसळलं की १४.७ चा आकडा साडेतेरापर्यंत उतरतो. दुसऱ्या शब्दांत, तेवढ्याच हवेला शुद्ध पेट्रोलपेक्षा ७-८ टक्के जास्त इंधन लागतं. रोजच्या चालीत ऑक्सिजन सेन्सर ही तूट ओळखून इंजेक्टर थोडे जास्त वेळ उघडे ठेवतो, म्हणून आपल्याला फक्त ॲव्हरेज कमी झालेलं दिसतं. पण पूर्ण ॲक्सिलरेटरवर कित्येक जुन्या गाड्या सेन्सरचं ऐकणं बंद करून तक्त्यातल्या आकड्यावर चालतात. त्या तक्त्यात २०१८ च्या पेट्रोलवर ०.८६ बसवलेलं मिश्रण, दुरुस्ती झाली नाही तर, आज ०.९१ च्या आसपास जातं. नव्या गाड्या पूर्ण भारावरही सेन्सरचं ऐकतात, पण इंजेक्टर आणि पंप देऊ शकतील तेवढंच. रिमॅपने ती क्षमता आधीच वापरून टाकली असेल तर सेन्सर ओरडून काय करणार?

कल्याणकरांना हे एका वाक्यात कळेल. २०१८ चा नकाशा घेऊन निघालेल्याला तो नकाशा जुन्या पत्रीपुलावरून नेईल, आणि तो पूल त्याच वर्षी पाडला. नवा २०२१ मध्ये सुरू झाला. नकाशा छापला तेव्हा बरोबरच होता हो, पण रस्ता नकाशाला विचारून बदलत नाही.

यावर व्हॉट्सॲपवरचे काका म्हणतील, बघा, ई२० ने इंजिनं जाळली! नाही काका. इथेनॉलचा ऑक्टेन १०८ च्या वर आहे आणि वाफ होताना ते पेट्रोलपेक्षा जास्त उष्णता शोषतं. टर्बो इंजिनाला या दोन्ही गोष्टी आवडतात. ९१ ऑक्टेनचं साधं पेट्रोल ई२० झाल्यावर ९५ चं झालं, असं पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितलं. म्हणजे नॉकिंगच्या बाबतीत थोडा फायदाच. ॲव्हरेजचा तोटा मात्र खरा आहे: नीती आयोगाच्या जून २०२१ च्या आराखड्यातच लिहिलं होतं की जुन्या धाटणीच्या चारचाकींना तो ६-७ टक्के बसेल. त्याच आराखड्यात असंही ठरलं होतं की एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांचे रबर-पाइप ई२० ला चालतील पण इंजिन ई१० साठीच ट्यून केलेलं असेल, आणि ई२० साठी ट्यून केलेली इंजिनं एप्रिल २०२५ पासून. बघा, 'चालतं' आणि 'त्यासाठी ट्यून केलेलं' यात फरक आहे हे सरकारी कागदालाही कळतं. फक्त पार्किंगमधल्या लॅपटॉपला कळत नाही. त्याला "पेट्रोल कुठलं?" असं विचारा, तो म्हणेल, "कुठलंही चालेल, सर."

जरा पुढचं शिकलेले असतात ते डॅशबोर्डवर एएफआरचं मीटर लावतात आणि सांगतात, "माझं १२.५ आहे, एकदम सेफ." कुठल्या पेट्रोलवर १२.५? सायलेन्सरमधला सेन्सर खरं तर ऑक्सिजनवरून लॅम्डा मोजतो, आणि मीटर त्याला १४.७ ने गुणून दाखवतं. ई२० वर तेच १२.५ दिसत असेल तर लॅम्डा ०.८५ आहे, म्हणजे ठीकच आहे, पण खरं प्रमाण साडेअकराच्या आसपास आहे. गोंधळ तेव्हा होतो जेव्हा कुणी खऱ्या प्रमाणाचा आकडा १४.७ च्या हिशोबाने तक्त्यात भरतो. म्हणून एकच सवय लावा: एएफआर बोलूच नका, लॅम्डा बोला. पेट्रोल बदललं तरी लॅम्डा १ म्हणजे १ च राहतं. जो ट्यूनर लॅम्डा म्हटल्यावर विषय बदलतो, त्याच्याकडून आपणही गाडी बदलावी... म्हणजे वळवावी :-)

अंधश्रद्धा दुसऱ्या बाजूलाही आहेत. "रिच म्हणजे सेफ" ही त्यातली मोठी. थोडं रिच म्हणजे सुरक्षित, हे वर म्हटलंच. पण भीतीपोटी पेट्रोल ओतत राहिलं की ते सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल धुऊन टाकतं, ऑइलमध्ये उतरून ते पातळ करतं, रिंगा झिजवतं आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची वाट लावतं. डिझेलमध्ये तर गणितच उलटं. तिथे नेहमी हवा जास्त असावी लागते, इंधन वाढवलं की उष्णता आणि काळा धूर दोन्ही वाढतात. बाजारात मिळणाऱ्या 'ट्यूनिंग बॉक्स' नावाच्या डब्या काय करतात? रेलमधला दाब आहे त्यापेक्षा कमी आहे असं कॉम्प्युटरला खोटं सांगतात, की तो बिचारा जास्त दाब देतो. सेन्सरला खोटं बोलायला लावून मिळवलेल्या ताकदीला मी तरी ट्यूनिंग म्हणणार नाही.

आणि उष्णतेचं म्हणाल तर आपला भाग त्यासाठी बनवूनच घेतलाय. माजिवड्याला किंवा काटई नाक्याला चाळीस मिनिटं रांगलेली गाडी म्हणजे तापलेला तवा. पुढून वारा नाही, इंटरकूलर गरम, आत जाणारी हवा गरम. त्यातून सुटल्याबरोबर समोर मोकळा रस्ता दिसतो आणि पाय खाली जातो. जून २०२५ पासून समृद्धी महामार्ग पूर्ण सुरू आहे, त्याचं टोक आमण्याला, भिवंडी तालुक्यात, म्हणजे कल्याणच्या दारात. ७०१ किलोमीटर. पूर्वी आपल्या रस्त्यांवर पाय दहा सेकंदांपेक्षा जास्त वेळ दाबून ठेवायची सोयच नव्हती, खड्डाच सांगायचा की पुरे. खड्ड्यांनी किती इंजिनं वाचवली याचा हिशोब कुणी ठेवला नाही! आता मिनिटामिनिटाचा सलग भार टाकता येतो. सकाळी सात वाजता, मोठा पंखा लावून, डायनोवर तीन वेळा ओढून काढलेला ग्राफ या दुपारबद्दल काहीही सांगत नाही.

कायद्याचं बोलू. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने नोंदवलेल्या तपशिलांशी विसंगत बदल करता येत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२ए आलं: परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलाला ५ हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. दंड मालकाला, लक्षात घ्या. "पण पीयूसी पास होते की!" होणारच. पीयूसी गाडी जागेवर उभी करून होते, बिनभाराने. पूर्ण भाराच्या चौकटीत काय लिहिलंय ते त्या नळीला कधीच दिसत नाही.

चाचणीत एक आणि रस्त्यावर दुसरंच, हे मोठ्या कंपनीने केलं तेव्हा जगभर बोंब झाली होती. २०१५ चं फोक्सवॅगन प्रकरण आठवतंय? इंजिनाचं सॉफ्टवेअर चाचणी ओळखून तेवढ्यापुरतं शहाण्यासारखं वागायचं. आपल्याकडे पुण्याच्या एआरएआयने गाड्या तपासल्या, डिसेंबर २०१५ मध्ये कंपनीने ३ लाख २३ हजारांहून अधिक डिझेल गाड्या परत बोलावल्या, मार्च २०१९ मध्ये हरित लवादाने ५०० कोटींचा दंड ठोठावला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. तेव्हा आपण सगळे केवढे चिडलो होतो! आणि आज 'कॅट काढून देतो, चेक लाइट येणार नाही' असं सांगणाऱ्याला आपण हजार-दोन हजार जास्त देतो. तोही तेच करतोय, फक्त घाऊक नाही, किरकोळ. तो धूर कल्याण-शीळ रोडवर आपल्यामागे बाइकवर मुलाला पुढे बसवून चाललेला माणूस पितो.

"माझी गाडी, माझे पैसे, तुझं काय जातं?" हा शेवटचा बाण. माझं हे जातं: तुमचं इंजिन बंद पडतं ते तुमच्या पार्किंगमध्ये नाही, घाटात ओव्हरटेक करताना. आणि ज्याला खरंच काम येतं, जो चार दिवस गाडी ठेवून घेऊन, वाइडबँड सेन्सर लावून, एकेक चौकट तपासून मॅप लिहितो, त्याचं गिऱ्हाईक हे अर्ध्या तासवाले पळवतात. तो महाग वाटतो, कारण तो मोजण्याचे पैसे घेतो.

मी ट्यूनिंगच्या विरोधात नाही. उलट माझी मागणी आहे की याला सरळ रस्ता द्या. जर्मनीत बदल केलेली गाडी टीयूव्हीकडे तपासून कागदावर चढवता येते. आपल्याकडे पुण्यात वेताळ टेकडीच्या कुशीत १९६६ पासून एआरएआय उभी आहे. अमुक इंजिनाचा अमुक मॅप, अमुक इंधनावर, धूर आणि तापमान मर्यादेत, असं तपासून शिक्का मारायची सोय करता येणार नाही का? मागच्या दाराने चालणारा धंदा पुढच्या दाराने आणला की निम्मे पोस्टमन आपोआप गळतील.

तोवर निदान आपण पाच प्रश्न विचारू या. मूळ फाइलची प्रत मला देणार का? फाइल कुणी लिहिली, आणि तुम्हाला ती उघडून दाखवता येते का? कुठल्या पेट्रोलसाठी, किती इथेनॉल धरून, हे कागदावर लिहून देणार का? आधीचा आणि नंतरचा लॉग दाखवणार का, ज्यात लॅम्डा, नॉकिंगमुळे मागे घेतलेली ठिणगी, आत येणाऱ्या हवेचं तापमान आणि पेट्रोलचा दाब, चारही असतील? आणि तो लॉग भर दुपारी, ट्रॅफिकमधून बाहेर पडल्यावर, माझ्या गाडीवर घेणार का?

पाचही उत्तरं 'हो' आली तर खुशाल करा, आणि मला एक चक्कर द्या. एकाचंही 'नाही' आलं तर त्याला चहा पाजा आणि लॅपटॉपसकट घरी पाठवा. हॉर्सपॉवर किती वाढली हा प्रश्न सहावा. तो आधी विचारायची घाई कुणाला असते, हे लॅपटॉपवाल्याला बरोबर माहीत असतं.

असो. चहा गार झाला. कुणाला भांडायचं असेल तर लॉग घेऊन या, मी मोकळाच आहे.

ता.क. : ज्यांनी २०२२ च्या आधी रिमॅप करून घेतलंय आणि गाडी 'मस्त चाललीये', त्यांनी याच आठवड्यात आजच्या पेट्रोलवर एकदा लॉग काढून घ्यावा. मस्त चाललेली गाडी तपासायला कमी खर्च येतो.